७२ मिलिमीटरची कंबर : कार्व्हिंगसाठी बायकांच्या स्की निवडताना

गुलमर्गला भाड्याच्या दुकानात उंची सांगितली की दुकानदार मागच्या रांगेतून एक जोडी ओढून काढतो, आपल्या हनुवटीशी उभी धरून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, ये लेडीज़ वाला है, हल्का है." पाय समांतर ठेवून वळता येईपर्यंत तेवढ्यावर भागतं. पुढे मात्र गाडी अडते. प्रत्येक वळणाला स्कीची मागची टोकं बाहेर फेकली जातात, बर्फावर झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा उमटतो, आणि शिकवणारा "एज पे आओ" (स्कीच्या पोलादी कडेवर या) म्हणून कितीही ओरडला तरी स्की कापत नाही, घसरतेच. दोष दर वेळी पायांचा नसतो. ८५-९० मिलिमीटर कंबरेची (कंबर म्हणजे स्कीचा मधला, अरुंद भाग), एज बोथट झालेली, आपल्या वजनाला न वाकणारी स्की असेल तर चांगल्या तंत्राचंही तिच्यापुढे काही चालत नाही.

आम्ही तिघींनी कार्व्हिंगसाठी स्वतःच्या स्की घ्यायच्या ठरवल्या. वजनं ५२, ६१ आणि ७३ किलो. उंची १५५, १६२ आणि १६८ सेंटिमीटर. एक घोडबंदर रोडला राहते, दोघी नेरूळला. ठाण्या-वाशीत खेळाच्या दुकानांतून स्कीचं जॅकेट, हातमोजे, गॉगल मिळतात. कार्व्हिंगची स्की हातात धरून बघायला मिळत नाही. म्हणून आकडेमोड घरी, चाचणी उतारावर आणि खरेदी शेवटी, असा क्रम ठेवावा लागला. तो क्रम बरोबर होता असं आता ठामपणे वाटतं.

आधी कार्व्हिंग म्हणजे नक्की काय, कारण सगळी निवड त्यावर ठरते. स्की वरून पाहिली तर डमरूसारखी दिसते : टोकाशी रुंद, मध्ये अरुंद, शेपटीशी पुन्हा रुंद. ती कुशीवर कलवली की टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, मधली कंबर अधांतरी राहते. त्या कंबरेवर आपला भार आला की स्की धनुष्यासारखी वाकते आणि तिची पोलादी एज बर्फात एक कमान कोरते. त्याच कमानीतून स्की पळते. टोक जिथून गेलं त्याच चरातून शेपूटही जाते. मागे वळून पाहिलं तर रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक रेघा दिसायला हव्यात. पूर्वीच्या स्की जवळजवळ सरळ पट्ट्या असत आणि हे काम तगड्या रेसरांनाच जमे. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल कंबरेची स्की आणली आणि त्यानंतर दोन-चार वर्षांत सगळ्यांच्याच स्कीचा आकार बदलला.

यातला कळीचा शब्द 'वाकते' हा आहे. न वाकलेली स्की कितीही कलवली तरी आपल्याला हवं ते वळण कोरून देत नाही. आणि ती वाकते दोनच गोष्टींनी, आपलं वजन आणि आपला वेग. त्यामुळे मैत्रिणीची स्की उत्तम आहे म्हणून आपल्यालाही ती उत्तम असेलच, असं अजिबात नाही.

पहिला प्रश्न लांबी-रुंदीचा नव्हताच. वर्षातून मिळणारे सात-आठ दिवस कोणत्या बर्फावर जाणार, हा होता. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो, आणि तिथून खाली येणारा बराचसा उतार मोकळा, खोल, भुसभुशीत बर्फाचा आहे. त्या बर्फात ७० मिलिमीटरची स्की बुडते. तिथे ९५-१०० ची हवी. कार्व्हिंगला यंत्राने दाबलेला, सलग, टणक उतार लागतो. तो गुलमर्गला खालच्या ड्रॅग लिफ्टच्या आसपास आणि गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला मिळतो, औलीच्या उतारावर मिळतो, जॉर्जियातल्या गुदौरीला भरपूर मिळतो. दुबईच्या मॉलमधला २००५ पासूनचा बंदिस्त उतारही यात धरायला हवा : सर्वांत लांब धाव ४०० मीटर, उंचीतला फरक सुमारे ६० मीटर. धाव छोटीच आहे, पण बर्फ रोज सारखाच, आणि मुंबईहून विमानाने तीन तास. एकच कवायत चाळीस वेळा करायला याहून सोयीचं ठिकाण आपल्याला नाही.

आमचं ठरलं : गुलमर्गच्या खोल बर्फासाठी लागतील तेव्हा रुंद स्की भाड्याने, आणि स्वतःची जोडी निव्वळ दाबलेल्या उतारासाठी. दोन्ही कामांची एकच स्की शोधायला गेलं की ८४-८८ कंबरेवर येऊन थांबावं लागतं आणि शिकायचं तेच मागे पडतं. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ ही बायकांची फार लोकप्रिय स्की आहे आणि ती लोकप्रियता तिने कमावलेली आहे. पण नावातला ८८ हा तिच्या कंबरेचा आकडा आहे, आणि कार्व्हिंग शिकण्यासाठी तो जास्त आहे.

कंबर का महत्त्वाची, हे बुटाच्या तळव्याकडे पाहिलं की उमजतं. नेहमीच्या अल्पाइन बुटाचा तळवा पुढच्या टोकाशी साधारण ६९ मिलिमीटर रुंद असतो. कंबर ६८-७२ असली की एज जवळजवळ तळव्याच्या काठाखालीच येते; गुडघा आत झुकवला की स्की लगेच एजवर. कंबर ८८ झाली की एज बुटाच्या काठापासून जवळपास एक सेंटिमीटर बाहेर जाते. म्हणजे टणक बर्फावर प्रत्येक वळणाला स्की उलट दिशेने सपाट व्हायला बघते आणि घोटा-गुडघा तिला धरून ठेवण्यात दमतात. दुपारनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला येणारी ओढ बऱ्याचदा यातूनच येते. फार अरुंद कंबरेचीही एक अडचण आहे : खूप कललं की बुटाची कडा बर्फाला घासते आणि एज उचलली जाते. म्हणून अरुंद स्कीवर बाइंडिंगखाली, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीखाली, उंची वाढवणारी पट्टी असते. शिकण्याच्या टप्प्यासाठी ६८ ते ७४ ही मर्यादा आम्ही पक्की केली.

मग वळणाची त्रिज्या. स्कीवर टोक, कंबर आणि शेपूट यांच्या रुंदीचे तीन आकडे आणि एक आर छापलेला असतो, उदाहरणार्थ १२२-७२-१०४ आणि बाजूला मीटरमधली त्रिज्या. ती छापील त्रिज्या एका विशिष्ट लांबीची असते. त्याच मॉडेलची लांबी बदलली की त्रिज्याही बदलते, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. घरी पडताळा करता येतो. आम्ही नेरूळच्या हॉलमध्ये, व्हिट्रिफाइड टाइल्सवर, याच आकड्यांची एक जुनी स्की सपाट ठेवली, एकीने कंबर जमिनीला दाबून धरली आणि दुसरीने टोकाकडून एक व्हिजिटिंग कार्ड आत सरकवलं. कार्ड जिथे अडलं तिथे मास्किंग टेपची खूण. शेपटीकडूनही तसंच. दोन खुणांमधलं अंतर १४० सेंटिमीटर भरलं. आता हिशोब : टोक आणि शेपूट यांची बेरीज २२६, तिचा चौथा भाग ५६.५; त्यातून कंबरेचे निम्मे, ३६, वजा केले की २०.५ मिलिमीटर. ही कंबरेची खोली. टेकण्याची लांबी १.४ मीटर, तिचा वर्ग १.९६. त्याला खोलीच्या आठपटीने, म्हणजे ०.१६४ ने भागलं की जवळजवळ १२ मीटर. जुनी, रंग उडालेली, आकडा पुसलेली स्की विकत घेताना हे गणित फार उपयोगी पडतं.

१२ मीटर चांगले की १८? याचं उत्तर वेग देतो. उताराचा कल बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला तर ताशी २५ किलोमीटर वेगाला १२ मीटरच्या स्कीवर साधारण २४ अंश कलून तोल सांभाळत वळता येतं; १८ मीटरच्या स्कीवर फक्त १६ अंश. ४५ अंश कलायचं तर १२ मीटरला ताशी ३३ किलोमीटर पुरतात, १८ मीटरला ४० लागतात. शिकणारीला ताशी ४० ला धीर होत नाही, आणि वेग नसेल तर कल येत नाही, कल आला नाही तर स्की वाकत नाही. लांब त्रिज्येच्या स्कीवर माणूस वर्षानुवर्षं घसरत राहतो तो या चक्रामुळे. उलट १० मीटरपेक्षा कमी त्रिज्येची स्की इतकी चटकन वळते की सरळ जाणंच अवघड. पाय सैल सोडला की टोक आत ओढलं जातं. तिच्यावर माणूस वळण घेत नाही, स्कीच त्याला वळवते. ११.५ ते १४.५ हा पट्टा आम्हाला योग्य वाटला : हलक्या व्यक्तीला खालचा आकडा, वजनदार आणि धीट व्यक्तीला वरचा.

इथे रेसच्या स्कीचा मोह होतो. मनालीच्या आँचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, ब्राँझपदक जिंकलं, आणि स्लालमची स्की आकड्यांत आपल्या यादीजवळच येते : एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाप्रमाणे बायकांसाठी किमान १५५ सेंटिमीटर लांबी आणि ६३ मिलिमीटर कंबर. पण स्पर्धेची खरी स्की आतून इतकी ताठ असते की ५५ किलोच्या, आठवडाभर स्की करणाऱ्या बाईला ती वाकतच नाही. तिची दुकानी धाकटी बहीण, स्लालमचाच आकार पण मऊ पोट असलेली, ती मात्र बघण्यासारखी असते.

लांबीला फार वेळ लागला नाही. कार्व्हिंगच्या स्कीला हनुवटी ते कपाळ एवढी उंची पुरते. दोन लांबींमध्ये अडलं तर उंचीऐवजी वजनाकडे बघायचं.

आता 'लेडीज़ वाला' या शब्दाकडे. बायकांच्या स्कीत तीन गोष्टी खरोखर वेगळ्या असू शकतात. आतलं लाकूड हलकं असतं, पॉलोनिया किंवा पॉप्लर. टायटॅनल, म्हणजे ताठपणा देणारा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, कमी असतो किंवा नसतोच. आणि बाइंडिंग बसवायची खूण एक-दोन सेंटिमीटर पुढे असते, कारण बायकांचा गुरुत्वमध्य तुलनेने खाली आणि मागे असतो, आणि भार टोकावर आला नाही तर वळणाची सुरुवातच होत नाही. चौथी गोष्ट रंग आणि फुलं. अडचण अशी की कधीकधी फक्त चौथीच वेगळी असते. ओळखायची युक्ती सोपी : त्याच कंपनीच्या पुरुषांच्या किंवा सामायिक मॉडेलचे तीन आकडे, त्रिज्या आणि त्याच लांबीचं वजन शेजारी मांडायचं. वजनही तेवढंच असेल तर वेगळा आहे तो वरचा कागद. आकडे तेच पण वजन बरंच कमी असेल तर आतली बांधणी खरंच हलकी आहे. मग ती आपल्या वजनाला पुरेल का, हा पुढचा प्रश्न.

कारण हलकं ते बायकांना बरं, हा समज आम्हाला निम्माच पटला. ५२ किलोच्या मैत्रिणीला हलकी बांधणी खरोखर लाभली. तिच्या वेगाला तीच वाकली. ७३ किलोच्या मैत्रिणीच्या पायाखाली मात्र तशीच स्की टणक बर्फावर फडफडू लागली आणि टोकाची पकड सुटू लागली. तिला पुरुष-बायका असा भेद नसलेली, दोन पातळ टायटॅनलच्या पत्र्यांची, पण लांबीला आखूड स्की बसली. वजन आणि धडाडी बघून निवड करावी. लेबल शेवटी बघावं. हेडची जॉय, अटॉमिकची क्लाउड, फोल्कलची फ्लेअर, रॉसिन्योलची नोव्हा या बायकांच्या मालिकांत दाबलेल्या उतारासाठीच्या जोड्या मिळतात. एकाच मालिकेत ६८ कंबरेचीही असते आणि ८० च्या वरचीही, म्हणून मालिकेच्या नावावर पैसे मोजू नयेत.

ताठपणाचा आकडा कुठे छापलेला नसतो. तो हातानेच बघावा लागतो. शेपूट जमिनीवर, डाव्या हाताने टोक आपल्याकडे ओढायचं आणि उजव्या हाताच्या पंजाने कंबरेवर बाहेर दाब द्यायचा. बाक टोकापासून शेपटीपर्यंत एकसारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी मोडल्यासारखा कोपरा पडला तर ती स्की नको. मग टोक दोन्ही हातांत धरून ओलं कापड पिळल्यासारखं पिळून बघायचं. कार्व्हिंगच्या स्कीत पहिली चाचणी मऊ आणि दुसरी ताठ लागायला हवी : लांबीत वाकावी, पण पिळली जाऊ नये. पिळ बसणाऱ्या स्कीचं टोक टणक बर्फावर एज धरत नाही. तीन-चार जोड्या लागोपाठ हाताळल्या की फरक हाताला कळतो. एकच हाताळली तर काहीच कळत नाही.

आणि हे सगळं बुटानंतर. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसे मर्यादित असतील तर स्की भाड्याची, बूट स्वतःचा. गुडघ्याची हालचाल एजपर्यंत पोचवतो तो बूट. पाय आत सैल असेल तर गुडघा कलतो, नडगी कलते, आणि स्की तशीच सपाट राहते. भाड्याच्या दुकानात दुखू नये म्हणून एक माप मोठा बूट देतात आणि तिथूनच बिघडतं.

पाय सेंटिमीटरमध्ये मोजतात. टाच भिंतीला, खाली कागद, अंगठ्याच्या टोकाशी पेन्सिलची खूण. दोन्ही पाय, उभं राहून, पूर्ण भार देऊन. २३.५ भरलं तर माप २३.५. इथे आमची एक चूक झाली. मापं घेतली मे महिन्यात, दिवसभर फिरून आल्यावर संध्याकाळी. उकाड्याने सुजलेले पाय उतारावरच्या थंडीपेक्षा सहज अर्ध्या मापाने मोठे भरले. पुन्हा सकाळी, एसी लावून मोजले तेव्हा खरा आकडा आला. बूट बघताना आतलं अस्तर काढून रिकाम्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे नुसती टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. दीड बोट, म्हणजे १५ मिलिमीटरच्या आसपास, ठीक. दोन बोटांहून जास्त असेल तर तो बूट पहिल्या दिवशी गादीसारखा वाटेल आणि चौथ्या दिवशी पाय आत पोहेल. २३ आणि २३.५ चं कवच बहुतेक एकच असतं. फरक आतल्या तळव्याचा. रुंदी ९८ ते १०२ मिलिमीटरमध्ये मिळते, पंजा अरुंद असेल तर ९८-१००. मोजा एकच आणि पातळ. दोन मोजे घातले तर थंडी जास्त वाजते, कारण रक्तपुरवठा आवळला जातो.

बुटाच्या ताठपणाचा आकडा, फ्लेक्स, बायकांसाठी कार्व्हिंगला साधारण ८० ते १०० चालतो. पण हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो आणि तो तापमानावरही हलतो. कवच प्लास्टिकचं. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये ३१ अंशांना ९० फ्लेक्सचा बूट घालून पुढे झुकलं तर तो रबरासारखा दुमडतो आणि "मला ११० लागेल" असं वाटायला लागतं. तोच बूट उणे आठला दगड होतो. घोटा पुढे वाकला नाही की बाई मागे बसते, टोकावरचा भार जातो, वळण घसरतं. म्हणून ताठपणाचा निर्णय इथल्या हवेत करायचाच नाही. आणखी एक : बायकांच्या पोटरीचा स्नायू खालपर्यंत उतरलेला असतो. पुरुषी बुटाचा उंच गळा त्या स्नायूवर दाबतो, पाय बधिर होतो आणि गुडघा नको तेवढा पुढे ढकलला जातो. गळा कमी उंचीचा आणि वरून पसरणारा असावा. तेवढ्याने भागलं नाही तर बूट बसवणारा टाचेखाली तीन-चार मिलिमीटरची पाचर घालतो.

बाइंडिंगचा निर्णय आम्ही आपल्या गावाकडे बघून घेतला. ठाणे-नवी मुंबईत स्कीला भोकं पाडून बाइंडिंग बसवून देणारा कारागीर शोधत बसण्यापेक्षा रुळावर सरकणारी, स्कीबरोबरच येणारी बाइंडिंग घ्यावी. उद्या बूट बदलला तर ती नव्या तळव्याच्या लांबीला सरकवता येते. तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते, तिचा फोटो फोनमध्ये ठेवावा. बुटाचा तळवा ग्रिपवॉक (चालायला सोपा, गोलाई दिलेला रबरी तळवा) असेल तर बाइंडिंगवरही ते नाव हवं. नसेल तर पाय वेळेवर सुटण्याची खात्री राहत नाही. सुटण्याचा आकडा, डीआयएन, वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात बघून तंत्रज्ञाने लावायचा असतो. तिथे वजन खरं सांगायचं. पाच किलो कमी सांगितलं तर बाइंडिंग भर वळणात सुटते. स्वतःला 'आक्रमक' म्हणवून घेतलं तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक ओळ खालचा आकडा येतो, तो नाकारू नये. बाइंडिंगच्या पट्टीत आपला आकडा अगदी कडेला येऊ नये. ५ लागत असेल तर ३ ते १० ची बाइंडिंग बरी. आणि बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी आखलेली आहे, गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची ती खात्री देत नाही. बायकांत ही दुखापत जास्त होते. मागे बसून पडताना उठायची धडपड केली की ती होते, म्हणून पडलं की पडू द्यायचं.

आता चाचणी. मोठ्या रिसॉर्टला चाचणीच्या जोड्या दिवसाच्या भाड्याने बदलून मिळतात. एका दिवसात तीनपेक्षा जास्त जोड्या घेऊ नयेत; चौथीपर्यंत पाय थकतात आणि दोष स्कीला लागतो. प्रत्येक जोडीवर त्याच उतारावर तेच चार प्रकार. पहिला : अगदी सौम्य उतारावर सरळ जाऊन, पाय न फिरवता फक्त दोन्ही गुडघे एका बाजूला कलवायचे आणि स्की आपणहून वर वळून थांबेपर्यंत वाट बघायची. थांबल्यावर मागे वळून रेघ बघायची. बोटभर जाडीची स्वच्छ रेघ असेल तर स्की वाकली. सुरुवात बारीक आणि शेवट पंख्यासारखा पसरला असेल तर शेपूट सुटली, बहुधा आपण मागे बसलो. सुरुवातच पसरट असेल तर टोकाने पकडलं नाही. स्की जास्त ताठ आहे किंवा एज बोथट. दुसरा : तीच वळणं एकापाठोपाठ, मध्यम वेगाने. तिसरा : छोटी, झटपट वळणं. चौथा : दुपारी तीननंतर, उतार ढिगाऱ्यांनी भरलेला असताना एक फेरी, कारण सकाळच्या कोऱ्या उतारावर सगळ्याच स्की गुणी वाटतात.

प्रत्येक जोडी घेण्याआधी नखाची चाचणी. नखाची पाठ एजवर आडवी, हलकेच ओढायची. नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर ती जोडी परत द्यावी, तिच्यावर काढलेलं मत खोटं ठरेल. तळाकडची एज साधारण १ अंश आणि बाजूची २ ते ३ अंश घासलेली असावी. तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली की मधून फट दिसते : फट मध्ये दिसली तर एज उंच आहे, स्की रुळात अडकल्यासारखी हट्टी वाटते, फट कडांना दिसली तर तळ फुगलेला, ती पकडतच नाही. आमच्यापैकी एकीने एक जोडी पहिल्या फेरीतच नापास केली होती. एज घासून आणल्यावर तीच तिने विकत घेतली.

शेवटी घेतलं ते असं. ५२ किलोला १५० सेंटिमीटर, कंबर ६८, त्रिज्या १२ च्या आत, टायटॅनलशिवाय. ६१ किलोला १५८, कंबर ७२, त्रिज्या १३, फक्त पायाखाली पत्रा. ७३ किलोला १६३, कंबर ७०, त्रिज्या १४, सामायिक मॉडेल. हंगाम संपताना चाचणीच्याच जोड्या विकायला निघतात. त्यांत एजची उरलेली जाडी बघावी, वरच्या कागदाखाली फुगवटा नाही ना ते अंगठ्याने दाबून बघावं, आणि बाइंडिंग जुनी असेल तर कंपनी तिला अजून मान्यता देते का हे आधी विचारावं.

विमानात बूट हातातल्या बॅगेत. जोडी साडेतीन-चार किलोची, सात किलोत बसते. स्की हरवली तर तिथे भाड्याने मिळेल, पायाला बसलेला बूट मिळणार नाही. १७० सेंटिमीटरच्या बॅगेत दोन जोड्या, एज एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये टॉवेल. ही बॅग रिक्षात मावत नाही. हॅचबॅकमध्ये पुढची सीट झोपवून तिरकी जाते.

खरी परीक्षा जूनमध्ये. खाडीकाठच्या हवेत उघडी एज आठवड्यात तांबूस होते. परत आल्यावर स्की ओल्या फडक्याने पुसून एक दिवस पंख्याखाली वाळवायच्या, एजवरचे खरबडे दगडाने घासायचे, आणि तळावर जाड वॅक्स वितळवून एजवरही उतरवायचं. खरवडायचं नाही, तसंच ठेवायचं. वॅक्सची इस्त्री १२०-१३० अंशांवर आणि सतत हलती. एका जागी थांबली तर तळ जळतो. कपड्यांची वाफेची इस्त्री नको, तिच्या भोकांत वॅक्स जातं आणि तापमान वरखाली होतं. दोन्ही स्की एकमेकींना घट्ट बांधू नयेत, नाहीतर मधला बाक कमी होतो. बुटांची अस्तरं काढून वाळवून परत घालायची, बकल पहिल्या खाचेत लावून ठेवायची, नाहीतर उकाड्यात कवचाचा आकार फाकतो. जागा दिवाणाखाली किंवा कपाटावर आडवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बाल्कनी आणि बाहेरची भिंत टाळायची. ऑगस्टमध्ये एखाद्या कोरड्या दुपारी बॅग उघडून एजवरून बोट फिरवायचं. खरखरीत लागलं तर गंज बसायला लागला आहे, तेवढीच जागा रबरी दगडाने पुसून पुन्हा वॅक्स.